म्यांव म्हणजे जवारीच

वाचकाचं पत्र

मी सांगलीत राहतो, वय एकोणतीस. नोकरी सांभाळून आठ वर्षं बेस गिटार वाजवतो. शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रा, लग्नसराईत जरा जास्त, आणि गेल्या वर्षापासून एका अभंगांच्या ग्रुपमध्ये. तिथे गायक मींड घेत खाली येतो आणि मी जिना उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने उतरतो, ते माझं मलाच खटकतं. म्हणून फ्रेटलेस, म्हणजे मानेवर धातूचे पडदे (फ्रेट) नसलेला बेस, घ्यायचं डोक्यात आहे. बजेट पंचवीस हजार, वर एक रुपया नाही. नवा जो आवडलाय तो बजेटच्या पार बाहेर आहे. पुण्यात एकजण पाच तारांचा, फ्रेटच्या जागी खुणेच्या रेघा नसलेला, एबनी लाकडाच्या फिंगरबोर्डचा (मानेवरच्या, बोटं ठेवायच्या पट्टीचा) फ्रेटलेस बावीस हजारांना देतोय. रविवारपर्यंत ठेवतो म्हणालाय. तिसरा मार्ग म्हणजे माझ्याच जुन्या बेसचे फ्रेट काढायचे. तर काय करू? रेघांचा घ्यावा की बिनरेघांचा? मित्र म्हणतात रेघांचा म्हणजे लहान मुलांच्या सायकलची मागची दोन चाकं. लाकूड कोणतं असावं? तो 'म्यांव' आवाज स्वस्त बेसमधून येतो का, की त्याला महागच वाद्य लागतं? आणि आई म्हणते, एक गिटार घरात असताना दुसरी कशाला.

– 'खर्जातला', सांगली

उत्तर

प्रिय 'खर्जातला',

तुमच्या प्रश्नांतला म्यांवचा प्रश्न मी आधी घेतो. तो सुटला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात. आणि तुम्ही राहता कुठे, तर सतार-तंबोरे घडवणाऱ्या मिरजेपासून हाकेच्या अंतरावर! हा प्रश्न मला विचारण्याऐवजी सतारमेकर गल्लीत जाऊन तासभर बसला असतात, तरी उत्तर मिळालं असतं.

तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलंय कधी? घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो, त्याला अगदी पुसट उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि तंबोरा बोलायला लागतो. कारागीर कानशीने एक हात मारतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा एक हात. केसभर जास्त घासलं गेलं की आवाज झरझरतो, कमी पडलं की मुका राहतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना नेमकी हीच गोष्ट पकडली होती. तार जिथे छेडली, तिथे ज्या स्वरांशाचा (मूळ स्वरात दडलेल्या वरच्या स्वराचा) शून्यबिंदू, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतो तो स्वरांश ऐकू येऊ नये असा नियम. पण या वाद्यांत तो खणखणीत ऐकू येतो, आणि त्याचं कारण ती रुंद, उतरती घोडी.

फ्रेटलेसवर घोडीचं हे काम फिंगरबोर्ड करतो. फ्रेट असले की तार धातूच्या एका धारेवर टेकते आणि तिथून मोकळी सुटते. फ्रेट नसले की ती बोटाखालून निघून लाकडाला जवळजवळ लागूनच पुढे जाते. छेडल्याबरोबर लाकडाला घासते, जोर ओसरला की हळूहळू सुटते, आणि त्या सुटण्यात स्वर उमलत जातो. तोच तुमचा म्यांव. इंग्रजीत त्याला 'म्वाह' म्हणतात, आपण जवारी म्हणू.

मग स्वस्त बेसमधून तो येतो का? येतो. अट इतकीच की फिंगरबोर्ड टोकापासून टोकापर्यंत सरळ हवा, कुठे उंचवटा नको, मान जवळपास ताठ हवी आणि तारा लाकडाच्या जवळ हव्यात. एक लाखाचा बेस घ्या आणि तारा उंच ठेवा, तो मुकाच राहील. पंधरा हजारांच्या बेसचा फिंगरबोर्ड जाणत्या हाताने घासून सरळ केला की तो गायला लागतो. म्हणजे पैसे वाद्यावर जितके, तितकेच कारागिराच्या हातावर खर्च करायचे आहेत. तुमच्या पंचवीस हजारांची वाटणी करताना मी हेच धरून चालणार आहे.

आता थोडं मागचं सांगतो, कारण फ्रेटलेस म्हणजे श्रीमंतांचं वाद्य हा समज तुमच्या पत्रात जागोजागी दिसतो. लिओ फेंडरने १९५१ मध्ये बेस गिटार बाजारात आणली तेव्हा तिचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं. का, तर उभ्या डबल बेसवर सूर शोधावा लागे, इथे फ्रेट असल्यामुळे तो नेमका लागे. फ्रेट हीच तिची जाहिरात होती. दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, बिल वायमन नावाच्या तरुणाने एक स्वस्त बेस घेतला. त्याचे फ्रेट खडखडायचे. नवे बसवू म्हणून त्याने जुने उपटले, वाजवून पाहिलं, आणि नवे बसवलेच नाहीत. पुढे तो रोलिंग स्टोन्स या बँडमध्ये गेला. कारखान्यातून फ्रेटलेस म्हणून बाहेर पडलेला पहिला बेस अँपेग कंपनीचा, १९६६ चा. फेंडरला त्यासाठी १९७० उजाडलं. आणि ज्याच्यामुळे जगभरच्या पोरांना हे वेड लागलं, त्या जॅको पास्टोरियसचा बेस १९६२ चा, फेंडरचाच साधा 'जॅझ बेस' होता. फ्रेट काढलेले, खाचा लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) भरलेल्या, आणि वरून होड्यांना लावतात ते एपॉक्सी थापलेलं. फ्लोरिडात समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला होडीचं एपॉक्सी सुचलं यात नवल नाही. सांगायचा मुद्दा, हे वाद्य मुळात उपटाउपटीतूनच आलेलं आहे.

जॅकोच्या त्या बेसवर रेघा स्पष्ट दिसायच्या, हेही तुमच्या सायकलवाल्या मित्रांना सांगा.

रेघांबद्दल माझं मत ठाम आहे: तुम्ही रेघांचाच घ्या. थोडं गणित पाहू, फार नाही. नेहमीच्या बेसच्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. नटाजवळचा (नट म्हणजे डोक्याकडची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा मानेवर येतात) पहिला अर्धा स्वर ४८.५ मिलिमीटर रुंद असतो, तर बाराव्या फ्रेटच्या अलीकडचा जेमतेम २६. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर नटाजवळ बोट एक मिलिमीटर सरकलं की दोन सेंटचा फरक पडतो आणि बाराव्या घराजवळ चार सेंटचा. खाली बोट पाच मिलिमीटर चुकलं तर दहा सेंट, ते बऱ्याच श्रोत्यांच्या लक्षातही येणार नाही. वर तेवढंच चुकलात तर वीस सेंट, आणि पेटीवाला मान वळवून तुमच्याकडे बघेल. अभंगाच्या कार्यक्रमात मंचावर अर्धा उजेड, मॉनिटरमधून टाळांचा दणदणाट, आणि तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला धड ऐकू येत नाही. अशा वेळी कान हेच खरं साधन वगैरे बोलायला ठीक आहे. ऐकूच आलं नाही तर कान काय करणार? तेव्हा रेघ उपयोगाला येते.

मात्र रेघ दिसते कशी, हे समजून घ्या. फ्रेटच्या बेसवर बोट फ्रेटच्या मागे ठेवायची सवय आठ वर्षांची आहे. इथे बोटाचा मध्य रेघेवरच यायला हवा. मागे राहिलात तर कायम उतरलेले वाजाल. शिवाय वाजवताना तुम्ही मान वरून, तिरकी बघता, त्यामुळे रेघ आहे त्यापेक्षा जरा सरकलेली भासते. यावर उपाय एक रुपयाचा: मानेच्या कडेवर, जिथे तुमची नजर पडते तिथे, पांढऱ्या नेलपॉलिशने अगदी बारीक ठिपके द्या, बरोबर रेघेच्या समोर. बहिणीकडून बाटली घ्या, आणि नंतर परत करा.

या ठिपक्यांवरून एक सापळा सांगतो. फ्रेटच्या बेसला कडेवर जे ठिपके असतात ते दोन फ्रेटच्या मधोमध असतात. बिनरेघांच्या बहुतेक फ्रेटलेसवर ते स्वराच्या जागी असतात, पण सगळ्यांवर नाही. काही कारखाने तीच जुनी मधली जागा ठेवतात. बिनरेघांचा वापरलेला बेस कधी हातात घेतलात तर तिसऱ्या घराचा ठिपका, पाचव्या घराचा ठिपका असं करत ट्यूनरवर तपासा. मी हे न तपासता एक बेस उचलला होता. विकणाऱ्याने 'ठिपक्यावर बोट ठेवायचं' असं छातीठोक सांगितलं होतं. पहिल्या कार्यक्रमात मी पहिला अंतरा संपेपर्यंत पाव स्वर खाली वाजत होतो, आणि ट्यूनिंग बिघडलं म्हणून खुंट्यांना दोष देत होतो.

आता तुमचे तीन पर्याय.

पुण्याचा पाच तारी बेस नको. एबनी ऐकून तुमचे डोळे चमकलेत, ते पत्रातही दिसलं. पण बिनरेघांचा आणि पाच तारांचा, दोन्ही एकदम शिकायचे म्हणजे पोहायला शिकताना थेट कृष्णेच्या पुरात उतरणं. पाचवी, जाड बी तार ३४ इंचावर स्वस्त बेसमध्ये बहुधा ढिली बोलते. तिचा मूळ स्वरच स्पष्ट नसेल तर तो लागला की नाही हे कळायचं कसं? गॅरी विलिससारखा मुरलेला बेसवादक पाच तारांचा फ्रेटलेस लीलया वाजवतो, पण त्याची गोष्ट वेगळी. शिवाय बावीस हजार तिथेच गेले तर उरलेल्या तीन हजारांत धड तारांचा सेटही येणार नाही, मग सेटअपचं, म्हणजे वाद्य कारागिराकडून जुळवून घेण्याचं, नावच काढू नका. तुमच्या गायकाची पट्टी पांढरी दोन असेल आणि खाली खर्जातला सा हवा असेल, तर चार तारांच्या बेसची ई तार उतरवून डीला लावा. मधली मोकळी डी म्हणजे सा, मोकळी ए म्हणजे प, खाली पुन्हा सा. तंबोराच झाला की.

नवा घेणं. आज नव्यांत मला आवडणारा म्हणजे स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेतला साठच्या दशकाच्या धर्तीचा फ्रेटलेस जॅझ बेस. रेघांचा, चार तारांचा, साधा, आत बॅटरी-बिटरीची भानगड नाही. पण तो पंचवीसात बसत नाही, आणि तुम्ही 'एक रुपया नाही' म्हणालात ते मी खरं धरतो. जर्मनीतून हार्ले बेंटनचे स्वस्त फ्रेटलेस मागवणारे आहेत. तिथली किंमत बघून मोह होतो, पण कुरिअर आणि कस्टम्स धरल्यावर तो स्वस्त राहत नाही, आणि मान वाकून आली तर परत पाठवायची कुठे? वापरलेल्यात स्क्वायरचे जुने फ्रेटलेस किंवा कोर्टचा चार तारी फ्रेटलेस कुठे दिसला तर मात्र लगेच बघायला जा. क्वचित निघतात, घेणारा उत्साहाने घेतो आणि सहा महिन्यांत सूर लागत नाही म्हणून विकतो. त्याचं वैफल्य म्हणजे तुमची सवलत.

आणि तिसरा, फ्रेट काढणं. हाच करा. पण तुमच्या आत्ताच्या बेसवर नाही.

ऑर्केस्ट्रात लावणी, कोळीगीत, मग लगेच नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी, त्यानंतर 'एकदा झिंगाट होऊ दे' अशी फर्माईश. तिथे फ्रेट हवेत. ठाशीव, तुटक, ढोलकीशी जुळणारा आवाज हवा, आणि शनिवारचं मानधन त्या बेसवर येतं. तो हलवायचा नाही. आईंना सांगा की सतारीला पडदे असतात आणि सरोदला नसतात, म्हणून कुणी सतार विकून सरोद घेत नाही. मिरजेच्या शेजारच्या आईला हे पटायला हरकत नाही.

तर असं करा: चौदा-पंधरा हजारांच्या आत वापरलेला, फ्रेटचा, चार तारांचा जॅझ बेसच्या धाटणीचा बेस शोधा. फ्रेट झिजलेले असले तर उत्तमच, त्यावर घासाघीस करा. तुम्हाला ते काढायचेच आहेत. विकणाऱ्याला मात्र हे सांगू नका. दोन पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकं) असलेला घ्या, कारण फ्रेटलेसचा नाकातला, गाणारा आवाज ब्रिजकडच्या (घोडीकडच्या) पिकअपमध्ये असतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की गुणगुण बऱ्याच अंशी जाते. एकटाच उघडला की ती येते, आणि मंगल कार्यालयातल्या अर्थिंगची कृपा असेल तर चांगलीच येते. हे दुकानात अँपला लावून बघा, घरी आणून नको.

बघताना मानेवर जास्त वेळ घालवा, बॉडीच्या रंगावर नाही. डोक्याकडून बंदुकीच्या नेमासारखं एक डोळा मिटून बघा. हलका, एकसारखा बाक चालेल, तो ट्रस रॉडने (मानेतल्या लोखंडी दांड्याने) जातो. पीळ असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली, तर बेस खाली ठेवा आणि चहा पिऊन परत या. ट्रस रॉड फिरतो का, हे विकणाऱ्याला विचारून त्याच्यासमोरच पाव आटा फिरवून बघा. जाम असेल तर कितीही स्वस्त असो, नको: फ्रेट निघाल्यावर तुम्हाला तो लागणारच आहे. फ्रेट हे पाचरीसारखे लाकडात ठोकलेले असतात आणि मान मागे रेटून धरतात. ते निघाले की मान तारांच्या ओढीने पुढे झुकते. म्हणूनच खाचा नुसत्या लांबीने भरू नयेत, लाकडाच्या पातळ पट्ट्या घट्ट बसवून भराव्यात. व्हेनिअरच्या, फिक्या रंगाच्या. मान ताठ राहते आणि रेघाही आयत्या मिळतात.

हे काम स्वतः करू नका असं मी म्हणणार, आणि तुम्ही करणार, कारण मीही केलं होतं. मी घरातल्या पकडीने, फ्रेट न तापवता, एका दमात वीस फ्रेट उपटले. प्रत्येक फ्रेटबरोबर शिसवीचा एकेक टवका उडाला. आठवडाभर ते टवके फेव्हिक्विकने चिकटवत बसलो आणि तरीही सातव्या घराजवळ तार कायम खडखडत राहिली. करायचंच असेल तर पद्धत अशी. फ्रेट सोल्डरिंग आयर्नने तापवायचा, तोंड घासून सपाट केलेली निपर एका टोकाने हळूच खाली सारायची आणि नुसतं दाबत पुढे जायचं. ओढायचं नाही, दाबल्यावर फ्रेट आपोआप वर येतो. इथवर ठीक. पण त्यानंतरचं काम, फिंगरबोर्डच्या गोलाईला जुळणारा ठोकळा आणि पॉलिश पेपर घेऊन तो पूर्ण लांबीत एका पातळीत आणणं, हे मात्र गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. तीच तुमची जवारी. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

सतारमेकरांकडे नेऊ का, असा विचार तुमच्या डोक्यात आला असेल. हात त्यांच्यासारखा कुणाचा नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. खाचा भरणं, लाकूड घासणं हे ते झोपेत करतील. पण बेसच्या मानेत लोखंडी दांडा असतो, तारांचा ताण लागल्यावर मान किती हलेल याचा अंदाज गिटारींच्या कामातून येतो, आणि तो गिटारवाल्याला असतो. मी असतो तर काम गिटारवाल्याकडून करून घेतलं असतं आणि मग बेस घेऊन मिरजेला गेलो असतो, नुसता दाखवायला. त्यांचं ऐकणं फुकट मिळतं.

कारागिराला तीन गोष्टी बजावून सांगा. नटाच्या खाचा खोल करायच्या: फ्रेट गेले म्हणजे तारा तेवढ्याने उंच झाल्या, आणि नट तसाच राहिला तर पहिल्या दोन घरांत बोट दुखेल आणि सूर चढा लागेल. नटाजवळ तारेखाली एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, एवढंच अंतर हवं. मान फ्रेटच्या बेसपेक्षा ताठ ठेवायची. आणि ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकतात ते सरकते तुकडे) रेघांप्रमाणे जुळवायचे. हे बजावायचं कारण 'फ्रेटच नाहीत तर इंटोनेशन (घराघरात सूर नेमका लागणं) कसलं' म्हणणारे महाभाग भेटतात. सॅडल चुकले तर चारही तारांवर रेघेचा अर्थ वेगवेगळा होतो.

लाकडाबद्दल लोक तावातावाने बोलतात, मी थोडक्यात आटोपतो. रोझवूड म्हणजे आपली शिसवी किंवा तिची भावंडं. २०१७ पासून शिसवीच्या अख्ख्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तयार वाद्यांना त्यातून २०१९ अखेर सूट मिळाली, पण तोवर बऱ्याच कारखान्यांनी स्वस्त गिटारींना 'इंडियन लॉरेल' लावायला सुरुवात केली होती. हे भारदस्त नाव ऐकून दबून जाऊ नका. तो आपल्या जंगलातला ऐन. चांगलं कठीण लाकूड आहे. एबनी त्याहून कठीण, आणि ती आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली, जिच्या पानांच्या विड्या वळतात. तीन्हींवर जवारी लागते. फरक पडतो तो लाकूड किती लवकर झिजतं यात, आणि ते तुम्ही तारा कोणत्या लावता यावर ठरतं.

तारा फ्लॅटवाऊंड, म्हणजे चपट्या वेढ्याच्या, लावा. राउंडवाऊंड तारेचा वेढा गोल असतो, ती कानशीसारखी लाकडाला घासते आणि मींड घेत राहिलात की वर्षा-दोन वर्षांत फिंगरबोर्डवर चरे पडतात. जॅकोने होडीचं एपॉक्सी लावलं ते यासाठीच. त्याला राउंडवाऊंडचाच चकचकीत आवाज हवा होता. मिरजेच्या भाषेत सांगायचं तर राउंडवाऊंड म्हणजे खुली जवारी, फ्लॅटवाऊंड म्हणजे बंद. अभंगाखाली, पखवाजाच्या शेजारी, बंदच शोभते. डॅडारिओचा क्रोम्स सेट घ्या. साध्या सेटपेक्षा बराच महाग वाटेल, पण फ्लॅटवाऊंड वर्षानुवर्षं चालतात, आणि जुन्या झाल्यावर अधिक गोड लागतात. पंचवीसातले चार हजार त्यांच्यासाठी बाजूला काढूनच ठेवा. पंधरा बेसला, सहा कारागिराला, चार तारांना, झाला हिशोब. कारागिराचा आकडा मात्र काम देण्याआधी विचारून घ्या. वर काही वाचलंच तर सांभाळून ठेवा. पावसाळा लागला की मान हलेल आणि दिवाळीनंतर पुन्हा हलेल, दोन्ही वेळा ट्रस रॉडला थोडं फिरवावं लागेल.

कोरस पेडल घेऊ नका. ऐंशीच्या दशकात फ्रेटलेसवर सगळे कोरस लावत, आवाज रुंद, स्वप्नाळू होतो. बेसुरेपणाही झाकला जातो, आणि तुम्हाला पहिलं वर्ष तो झाकायचा नाही, ऐकायचा आहे.

रियाज कसा करायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तंबोरा लावा, मोबाइलवरचा चालेल, डी पट्टीत. डी तारेवर चौथ्या रेघेवर बोट ठेवा, म्हणजे शुद्ध गंधार. रेघेवर नेमका आला की ऐका. किंचित चढा वाटेल. आता बोट रेघेपासून नटाकडे साधारण साडेपाच मिलिमीटर मागे सरकवा. तंबोऱ्यातून जो गंधार आपसूक उमटतो, तो तिथे आहे. बोट तिथे गेलं की दोन्ही आवाज एकमेकांत विरघळतात आणि थरथर थांबते. रेघ पेटीच्या, कीबोर्डच्या गंधारावर मारलेली असते, आणि तो १४ सेंट चढा असतो. मग कार्यक्रमात कोणता वाजवायचा? पेटी असेल तर पेटीचा. बेस आणि पेटीचं भांडण श्रोत्याला बेसुरं ऐकू येतं, आणि त्यात बोल नेहमी बेसवाल्याला लागतो. पण नुसत्या तंबोऱ्यावर गायक आलापी करत असेल आणि तुम्ही एकच लांब स्वर धरलेला असेल, तर ते साडेपाच मिलिमीटर मागे जाऊन बघा. गायक वळून बघेल, पण वेगळ्या कारणाने.

बोटं ठेवताना खालच्या घरांत चार बोटं चार स्वरांवर ताणू नका. डबल बेसवाले पहिलं, दुसरं आणि चौथं एवढीच बोटं वापरतात, तसं करा. कंप द्यायचा तो तारेला आडवं ओढून नाही, तिच्या लांबीच्या दिशेने बोट झुलवून, व्हायोलिनवाल्यासारखा. आणि मींड घेताना सुरुवात आणि शेवट दोन्ही स्वर ठरवून घ्या. नवा फ्रेटलेस हातात आला की पहिले काही महिने माणूस प्रत्येक स्वरावर घसरतच जातो. तुमचा गायक सहन करेल, पखवाजवाला करणार नाही.

साउंडवाल्याशी मैत्री करा. म्यांव हा मधल्या कंप्रतांमध्ये, म्हणजे ना खर्जात ना टिपेत, राहतो, आणि आपल्याकडचे बरेच साउंडवाले बेस दिसला की खाली वाढवून मध्य काढून टाकतात. मग जमीन हादरते आणि तुम्ही काय वाजवलं ते कुणालाच कळत नाही. त्याला चहा पाजा आणि सांगा, मध्याला हात लावू नको.

पुण्याच्या त्या माणसाला आजच फोन करून नाही म्हणून टाका. रविवारपर्यंत बेस अडवून ठेवलाय त्याने तुमच्यासाठी.